जुन्या इंजिनावर नव्या पिढीचा क्रँक सेन्सर बसवण्यासाठी ब्रॅकेट कसा बनवावा

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनासारख्या जुन्या इंजिनावरचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा यांत्रिक भाग) काढून ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या, हुकमतीखालील इग्निशन बसवायचे असेल, तर क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) नेमका कुठल्या अंशावर आहे हे सांगणारा सेन्सर लागतो. त्या काळच्या ब्लॉकवर त्यासाठी जागा ठेवलेलीच नसते. नव्या गाड्यांचा सेन्सर आणि क्रँकबरोबर फिरणारे, खुणेसाठी ६० पैकी २ दाते गाळलेले चाक बाजारात मिळते, पण त्या दोघांना जुन्या ब्लॉकशी जोडणारा ब्रॅकेट आपल्यालाच घडवावा लागतो. तो टायमिंगचाच, म्हणजे ठिणगीच्या अचूक वेळेचाच, एक भाग आहे, हे पहिल्या मापापासून लक्षात ठेवावे. चाकाचा व्यास १६० मिमी असेल तर त्याचा परीघ सुमारे ५०३ मिमी भरतो, म्हणजे परिघावरचे १.४ मिमी अंतर क्रँकच्या एका अंशाएवढे होते. सेन्सर परिघाच्या दिशेने तेवढा सरकला, तर ठिणगीही एक अंश पुढेमागे होते.

आधी हातातला सेन्सर ओळखावा. दोन तारांचा सेन्सर बहुधा चुंबक आणि कॉइल असलेला असतो; तीन तारांचा बहुधा हॉल सेन्सर (चुंबकक्षेत्रातला बदल ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असतो, पण काही कॉइलच्या सेन्सरांना शील्डची, म्हणजे बाहेरचे विद्युत अडथळे रोखणाऱ्या आवरणाची, तिसरी तार असते, म्हणून केवळ तारा मोजून निर्णय घेऊ नये. सेन्सरच्या कागदपत्रातून त्याचा प्रकार, चाकापासूनचे शिफारस केलेले अंतर आणि टोकाची दिशा टिपून घ्यावी. कित्येक हॉल सेन्सर विशिष्ट दिशेनेच बसवावे लागतात, आणि ती दिशा त्यांच्या कानाच्या भोकावरून ठरते.

चाक क्रँकच्या पुलीवर बसवताना पुलीत रबराचा डँपर (कंपन शोषणारा थर) आहे का ते पाहावे. असल्यास चाक बाहेरच्या कड्याला न जोडता आतल्या हबला जोडावे, कारण जुने रबर सुटले की बाहेरचे कडे हबवर फिरते आणि सगळे टायमिंग निरर्थक ठरते. मग पहिल्या सिलिंडरचा टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असण्याची स्थिती) डायल गेजने किंवा पिस्टन अडवणाऱ्या स्टॉपने निश्चित करावा. पुलीवरच्या जुन्या खुणेवर भिस्त ठेवू नये. त्या क्षणी सेन्सरसमोर कितवा दाता यायला हवा हे ईसीयूच्या सूचनांत दिलेले असते, आणि त्यावरून ब्रॅकेटची जागा ठरते.

ब्रॅकेट ब्लॉकवरच्या भक्कम, टॅप मारलेल्या भोकांवर धरावा. टायमिंग चेनच्या पातळ कव्हरवर तो कधीही बसवू नये. जाडीच्या बाबतीत कसूर करू नये, आणि हे आकड्यांवरून स्पष्ट होते. २ मिमी जाड आणि १०० मिमी लांब पोलादी पट्टी एका टोकाला घट्ट धरली, तर तिची स्वाभाविक कंपनसंख्या सुमारे १६० हर्ट्झ येते, आणि टोकाला सेन्सरचे वजन आले की ती आणखी घटते. चार सिलिंडरांच्या इंजिनाचे मुख्य कंपन क्रँकच्या वेगाच्या दुप्पट असते, म्हणून सुमारे ४८०० आरपीएमला ते त्याच १६० हर्ट्झवर पोहोचते आणि पट्टी थरथरू लागते. ६ मिमी जाड आणि ६० मिमी लांब पट्टीची कंपनसंख्या मात्र १३०० हर्ट्झच्या वर जाते. लांबी कमी करण्याचा लाभ जाडी वाढवण्यापेक्षाही मोठा असतो, म्हणून दोन जागांमधून निवड करायची झाली तर ब्लॉकजवळची जागा घ्यावी.

साहित्य म्हणून अॅल्युमिनियमचा तयार कोन, शक्यतो ६०६१ किंवा ६०८२ प्रतीचा, मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो चुंबकीय नसल्यामुळे सेन्सरच्या टोकाजवळ चुंबकक्षेत्र बिघडवत नाही. जाड पट्टी थंड अवस्थेत काटकोनात वाकवू नये, कारण या कठीण केलेल्या अॅल्युमिनियमला वाकाच्या बाहेरच्या बाजूला चिरा पडतात. लोखंडी ब्रॅकेट वेल्ड करायचा असल्यास सेन्सरचे भोक वेल्डिंगनंतरच पाडावे, कारण उष्णतेने पट्टी वाकते. ब्रॅकेट गाडीवरच वेल्ड करावा लागलाच, तर बॅटरी आणि ईसीयू आधी सोडवावेत.

पुठ्ठ्याचा नमुना कापून प्रत्यक्ष ब्लॉकवर धरून पाहावा, पंख्याचा पट्टा, होस आणि स्टीअरिंगचे भाग मोकळे राहतात ना याची खात्री करावी आणि मगच पट्टीवर सेंटर पंच मारावा. सेन्सरच्या अंगाचा व्यास व्हर्नियरने मोजून भोक त्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठे ठेवावे. अंतर जुळवण्यासाठी लांबट खाच पाडण्याचा मोह होतो, पण परिघाच्या दिशेने खाच कधीच नसावी. चाकाकडे जाणाऱ्या दिशेने जुळवणीही शिमने (पातळ चकतीने) करावी, म्हणजे सेन्सर पुन्हा काढून बसवला तरी तेच अंतर मिळते. सेन्सर बहुधा एम६ बोल्टवर बसतो, त्यासाठी टॅपआधी ५ मिमीचे भोक लागते. पण अॅल्युमिनियममध्ये आटे किमान ९ मिमी खोल असावेत, म्हणून ६ मिमी पट्टीच्या मागे नट द्यावा किंवा तिथे जाडी वाढवावी. शेवटी कानशीने सर्व कडा मोडाव्यात.

कॉइलच्या सेन्सरसाठी चाकापासूनचे अंतर साधारण ०.५ ते १.५ मिमीच्या दरम्यान असते. ते मोजायला पितळी फिलर गेज (ठरावीक जाडीची पाती) वापरावा, कारण पोलादी पाते चुंबकाला चिकटते. स्पार्क प्लग काढून पान्ह्याने क्रँक पूर्ण फेरा फिरवावा आणि चाक कुठे जवळ, कुठे लांब जाते ते पाहावे. सर्वांत जवळच्या दात्याशी अंतर जुळवले तर घासण्याचा धोका टळतो. सेन्सरची तार शील्ड असलेली असावी, शील्ड फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ करावी आणि तार प्लगच्या तारांपासून दूर न्यावी.

इंजिनातली ठोक ओळखणाऱ्या नॉक सेन्सरसाठी मात्र ब्रॅकेट बनवूच नये. तो ब्लॉकमधून येणाऱ्या कंपनावरच चालतो, म्हणून सपाट, स्वच्छ पृष्ठभागावर, वॉशरशिवाय, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कने थेट बसवावा. इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या, नळीने जोडलेल्या मॅप सेन्सरसाठी साधी पट्टी चालते, फक्त त्याचे तोंड खाली आणि नळी इंजिनाकडे उतरती असावी, म्हणजे ओलावा आत साचत नाही.

इंजिन सुरू करण्यापूर्वी स्टार्टरवर फिरवून ऑसिलोस्कोपवर (विद्युत लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर) ५८ दात्यांच्या लहरी आणि मधली मोकळी जागा स्वच्छ दिसते का ते पाहावे. कॉइलच्या सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर लहरीही उलटी होते आणि टायमिंग चुकते. सुरू झाल्यावर ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करून ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंग लाइट पुलीवर धरावा. खूण १० अंशांवर नसेल तर तो फरक ईसीयूमध्ये भरावा. आयडलपासून ४५०० आरपीएमपर्यंत वेग चढवताना खूण एकाच दिशेने हळूहळू सरकली, तर ईसीयूमधील विलंबाची दुरुस्ती तपासावी. पण ती एखाद्या ठरावीक वेगाला दोन्हीकडे थरथरली, तर ब्रॅकेट काढून तो आखूड किंवा जाड करावा. इंजिन पूर्ण तापवून थंड झाल्यावर सर्व बोल्टांचा टॉर्क आणि चाकापासूनचे अंतर पुन्हा मोजावे.