‘फेलोशिप’ लिहिताना आणि भाषांतर करताना या चुका टाळा

‘डॉक्टरांनी हृदयरोगात दोन वर्षांची शिष्यवृत्ती घेतली.’ असं वाक्य पत्रकांत आणि परिचयांत सहज खपून जातं. मूळ शब्द होता फेलोशिप. कोश उघडला, शिष्यवृत्ती दिसली, लिहून टाकली. प्रत्यक्षात त्या डॉक्टरांनी पदव्युत्तर शिक्षणानंतर एका उपशाखेचं प्रशिक्षण घेतलेलं असतं, रुग्ण तपासलेले असतात, रात्रपाळ्या केलेल्या असतात. इथे ‘फेलोशिप केली’ किंवा ‘विशेष प्रशिक्षण घेतलं’ एवढंच बरोबर.

ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण फेलोशिप या एकाच शब्दात पैसा, प्रशिक्षण, सन्मान आणि माणसांचा मेळ असे चार अर्थ आहेत. कोणता अर्थ लागू आहे हे बहुतेक वेळा क्रियापद सांगतं. फेलोशिप ‘थकली’, ‘सुरू झाली’, ‘बंद पडली’ म्हटलं की तो दरमहाचा पैसा. ‘केली’ म्हटलं की प्रशिक्षण. ‘बहाल केली’ म्हटलं की सन्मान. ‘रविवारी फेलोशिपला जातो’ म्हटलं की प्रार्थनेसाठी जमणारी मंडळी. नुसतं ‘मिळाली’ मात्र फसवं आहे, ते पहिल्या तिन्ही अर्थांना चालतं. तिथे एकच प्रश्न विचारा: पैसे कोण कोणाला देतं आणि त्या बदल्यात काय करावं लागतं?

शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती आणि फ्रीशिप

सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. शिकणाऱ्याला शिकण्यासाठी मिळते ती शिष्यवृत्ती. स्वतःचं संशोधन किंवा ठरलेलं काम करण्यासाठी मिळते ती फेलोशिप. तिच्यासोबत सहसा मार्गदर्शक, ठरावीक मुदत आणि प्रगती अहवाल येतात. म्हणूनच ज्युनिअर रिसर्च फेलोशिपसाठी (जेआरएफ) ‘कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती’ हा शब्द रुळला. तो जड वाटतो हे खरं, पण शिष्यवृत्तीपासून वेगळं काही सांगायचं आहे हे त्यातून लगेच कळतं. अर्जात, ठरावात, शासकीय पत्रव्यवहारात तोच वापरा. बोलताना आणि लेखात फेलोशिप म्हटलं तरी काही बिघडत नाही.

फ्रीशिप हा तिसराच प्रकार. ती शुल्कमाफी आहे. हातात दरमहा रक्कम येत नाही, भरायची फी वाचते किंवा परत मिळते. उच्चार जवळचा असल्यामुळे अर्जात ‘फेलोशिप मिळते’ असं लिहिणारे विद्यार्थी असतात आणि पुढे कागदपत्रं जुळत नाहीत.

जेआरएफबाबत आणखी एक घोटाळा होतो. परीक्षेत पात्र ठरणं वेगळं आणि फेलोशिप सुरू होणं वेगळं. पात्र ठरलेल्या उमेदवाराचा पैसा पीएचडीसारख्या संशोधनाला रीतसर प्रवेश आणि रुजू होण्याची कागदपत्रं झाल्यावर सुरू होतो. ‘जेआरएफसाठी पात्र’ आणि ‘जेआरएफ घेत आहे’ ही दोन वाक्यं अदलाबदल करून लिहू नका. दुसरं वाक्य लिहिलं की वाचणारा मार्गदर्शकाचं आणि संस्थेचं नाव शोधणारच.

पोस्टडॉक्टरल फेलोला विद्यार्थी म्हणणंही चूक. पीएचडी पूर्ण झाल्यावरच त्या पदावर जाता येतं.

योजनेच्या नावावरून मात्र तिचा प्रकार ठरवायला जाऊ नका. ऱ्होड्स स्कॉलरशिप ऑक्सफर्डमधल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, तिच्यावर डॉक्टरेटही करता येते. उलट फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांसाठी आहे. विशेषनाम जसंच्या तसं ठेवा आणि ती योजना काय देते हे पुढच्या वाक्यात सांगा.

सन्मानाची फेलोशिप

रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेचं फेलो होणं म्हणजे आधीच्या फेलोंनी निवडून घेणं. श्रीनिवास रामानुजन १९१८ मध्ये निवडले गेले. ‘रामानुजन यांना रॉयल सोसायटीची शिष्यवृत्ती मिळाली’ असं लिहिलं की तो अख्खा सन्मान वाक्यातून पुसला जातो. साहित्य अकादमीच्या फेलोशिपला ‘महत्तर सदस्यत्व’ म्हणतात, आणि असे सदस्य एका वेळी २१ पेक्षा जास्त नसतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण त्यात पैशाची छटाच नाही.

तरीही प्रत्येक फेलो हा निवडून आलेला विद्वान असतो असं धरू नका. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत अर्ज करून आणि वार्षिक वर्गणी भरून फेलो होता येतं. एफआरसीएस, म्हणजे शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजची फेलोशिप, तर परीक्षा देऊन मिळते. आद्याक्षरं सारखी दिसली तरी वजन सारखं नसतं. परिचय लिहिताना संस्थेचं पूर्ण नाव लिहा आणि ‘निवड’, ‘परीक्षा’ की ‘सदस्यत्व’ हे स्पष्ट करा.

जुनी चरित्रं वाचतानाही जपा. मुंबई विद्यापीठाच्या १८५७ च्या कायद्यात कुलपती, कुलगुरू आणि फेलो मिळून विद्यापीठ होत असे. तिथला ‘विद्यापीठाचा फेलो’ म्हणजे कारभारात मत असलेला सिनेटचा सभासद. त्याला संशोधक विद्यार्थी ठरवलं की चरित्राचा काळच चुकतो.

मेळ, संगत, सहभागिता

फेलो हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘फेलागी’वरून आला. ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, धन. ते एकत्र मांडून व्यवहार करणारा तो फेलागी, म्हणजे आपला भागीदार. म्हणूनच ख्रिस्ती मराठीतला ‘सहभागिता’ हा शब्द मुळाशी इतका जवळ जातो. त्या संदर्भात ‘सहवास’ थोडा पातळ वाटतो आणि ‘शिष्यवृत्ती’ तर हास्यास्पदच. दारू सोडू पाहणाऱ्यांची, १९३५ मध्ये सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना स्वतःला फेलोशिप म्हणवते. तिथे सदस्यत्वाला फी नाही आणि वरिष्ठ-कनिष्ठ असा भेदही नाही, त्यामुळे ‘बंधुभावाने जमलेली संघटना’ असं उलगडून लिहावं.

शब्दाआधी ‘फेलो’ विशेषणासारखा आला तर तो मराठीत ‘सह’ होतो: सहप्रवासी, सहाध्यायी, सहकैदी. ‘फेलो प्रवासी’ हे अर्धवट भाषांतर झालं.

लिहिताना

फेलोशिप स्त्रीलिंगी आहे. अनेकवचनात रूप तसंच राहतं आणि क्रियापद बदलतं: ‘दोन फेलोशिप मिळाल्या’. फेलोचंही तसंच, ‘तीन फेलो आले’. ‘फेलोज आले’ म्हणायची गरज नाही. ‘फेलोशिपधारक’ हा एकच शब्द आहे, तो तोडू नका. ‘फेलोशिप’ आणि ‘फेलोशीप’ अशी दोन्ही रूपं छापली जातात. ऱ्हस्व ‘शि’ उच्चाराला जवळची आहे. एका मजकुरात एकच रूप ठेवा, पण जाहिराती शोधताना दोन्ही टाइप करून पाहा, नाहीतर दीर्घ ‘शी’ने छापलेली जाहिरात नजरेतून सुटेल आणि अर्जाची मुदत निघून जाईल.