रंगाच्या हंड्यावरची ॲलर्जी : हात कसे ओळखायचे, कसे सांभाळायचे

पहिली फसगत वेळेची होते. सोमवारी पैठणच्या एखाद्या रंगारी घरात राणी रंगाच्या रेशमाच्या लडी निघतात आणि बुधवारी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. तोवर मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर खापर फुटलेलं असतं. रंगाची ॲलर्जी बहुतेकदा संपर्कानंतर २४ ते ७२ तासांनी उठते, म्हणून आज खाज आली तर परवा हातात काय होतं ते आठवा.

दुसरी फसगत म्हणजे "वीस वर्षं हाच रंग करतोय, कधी काही झालं नाही" हे वाक्य. एखाद्या रसायनाला शत्रू मानायला शरीराला कधी दोन आठवडे पुरतात, कधी अनेक वर्षं जातात. पण एकदा तसं ठरलं की ते बहुधा जन्मभर राहतं, आणि मग अगदी थोडा रंगही पुरतो. म्हणून काळजी घ्यायची ती हात चांगले असतानाच.

आग की ॲलर्जी?

कॉस्टिक सोडा, ॲसिड, ब्लीचिंग पावडर यांनी त्वचा पोळते. त्यात खाजेपेक्षा आग जास्त असते, ती लवकर होते आणि जिथे लागलं तिथेच राहते. हंड्यावरच्या सगळ्यांनाच ती थोडीफार होते. ॲलर्जीत खाज आधी येते, बारीक पुरळ किंवा पाण्याचे फोड उठतात आणि चट्टे मनगटावर, कधी मान-पापण्यांपर्यंत पसरतात. ती सगळ्यांना नाही, एखाद्यालाच होते. सुट्टीत आठ-दहा दिवसांत उतरते आणि कामावर आल्यावर पुन्हा चढते. हा चढ-उतार वहीत लिहा : तारीख, रंगाचं पाकिटावरचं नाव, कोणतं काम केलं, खाज कधी आली. तीन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

रात्री खाज वाढत असेल आणि घरात इतरांनाही असेल तर खरजेचा संशय घ्या. गोल चट्टा, कडा उचललेली आणि मध्ये त्वचा साफ, असं दिसलं तर नायटा असू शकतो. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. मेडिकलमधून 'तीन औषधं एकत्र' असलेली ट्यूब आणून लावू नका. तिच्यातल्या स्टेरॉइडने खाज दबते, पण नायटा आतल्या आत पसरतो आणि खरं दुखणं ओळखणंच अवघड होतं.

सगळ्यात मोठी चूक : हात हायड्रोने धुणे

काम संपल्यावर हात लालभडक दिसतात, लाज वाटते, म्हणून रंगारी चिमूटभर हायड्रो (रंग उडवणारी सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड) किंवा ब्लीचिंग पावडर हातावर चोळतो. कुणी रॉकेल लावतं. रंग निघतो हे खरं. पण त्याबरोबर त्वचेचं वरचं तेलकट आवरणही जातं, हात कोरडे पडतात, नखांच्या कडेला चिरा पडतात आणि दुसऱ्या दिवशीचा रंग त्या चिरांतून थेट आत शिरतो. आमच्या मते रंगापेक्षा ही सवय जास्त हात बिघडवते, आणि ती आजच सोडता येते. साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, बेचक्या टिपून कोरड्या करा, लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. उरलेली छटा चार-सहा दिवसांत आपोआप जाते, ती जाऊ द्या.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, मग लडी खंगाळलेल्या पाण्यातच हात धुतले जातात. सकाळीच दोन लिटर स्वच्छ पाणी फक्त हातांसाठी झाकून ठेवा. लघवीला जाण्यापूर्वीही हात धुवा. नाजूक जागी येणारी खाज बऱ्याचदा हातावरच्या रंगाचीच असते.

पावडर आणि हंडा

एक किलो रेशमाला दोन टक्के छटा द्यायची तर २० ग्रॅम रंग लागतो. एवढीशी पावडरसुद्धा पंख्याखाली उडते आणि पापण्यांवर बसते. पंखा बंद करा, एन-९५ मास्क लावा, वजन करा आणि स्टीलच्या मगात थोड्या पाण्यात आधी लगदा करून मगच हंड्यात ओता. सांडलेली पावडर झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. सुताला वापरतात त्या रिॲक्टिव्ह रंगांची पूड श्वासात गेली तर दमाही जडतो, म्हणून तिथे मास्क सोडूच नका. ॲसिड नेहमी पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी नको.

हातमोजे कोपरापर्यंतचे, जाड नायट्राइलचे घ्या. दवाखान्यातले पातळ मोजे हंड्यावर टिकत नाहीत. लडी काठीवर उचलली की रंगाचं पाणी काठीवरून मनगटाकडे ओघळतं आणि मोज्यात शिरतं. म्हणून मोज्याची वरची कड दोन इंच बाहेर दुमडा, ओघळ तिथे अडतो. रोज सकाळी मोज्यात पाणी भरून पिळून पाहा. बोटाच्या टोकाला थेंब आला तर तो मोजा बाद. आतून रंग शिरलेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण घामात तो रंग तासन्‌तास त्वचेला चिकटून राहतो. आत पातळ सुती मोजा घाला, तो ओला झाला की बदला. रबरी मोज्यांच्या काठाबरोबर पट्ट्यासारखी खाज येत असेल तर दोष मोज्याचाही असू शकतो.

विणणाऱ्यांनीही एक करावं. वाळलेल्या लडीवर ओलं पांढरं फडकं घासा. फडक्याला रंग लागला तर लडी पुन्हा धुवा, नाहीतर पैठणीची नक्षी उचलताना घामेजल्या बोटांना तोच रंग दिवसभर लागत राहतो.

सलूनमध्ये केस रंगवणाऱ्यांनाही अशीच ॲलर्जी होते, पण तिथे दोषी रसायन वेगळं : केसांच्या काळ्या रंगातलं, आणि 'काळ्या मेंदी'तलंही, पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमाइन). रंग लावताना मोजे घालतात आणि केस धुताना काढतात, चूक तिथेच होते. धुतानाही नवे मोजे घाला, आणि कटिंग रंगाआधी उरका.

खाज सुरू झाली तर

काम थांबवा. फोडांतून पाणी येत असेल तर स्वच्छ सुती कापड साध्या पाण्यात भिजवून १५ मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा. हळद, लिंबू, टूथपेस्ट लावू नका. चेहरा किंवा डोळे सुजले, दम लागला, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास अडत असेल तर १०८ ला फोन करा.

नक्की कोणता रंग, हे पॅच टेस्ट, म्हणजे संशयित रसायनं पट्ट्यांनी पाठीवर लावून पाहण्याची तपासणी, सांगते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातल्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात तिची चौकशी करा. पाठीवर पट्ट्या ४८ तास राहतात, त्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम नको. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे जमत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वेळ घ्या. पाठीवरच्या खुणांची तपासणी साधारण दोनदा होते, दुसरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेव्हा परत जायलाच हवं. आधीचा आठवडा पाठीला स्टेरॉइड मलम नको, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पाकिटं सोबत न्या, पण कच्ची पावडर स्वतः अंगाला लावून बघू नका. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर केसपेपरवर कामाचं स्वरूप लिहून घ्या.

त्वचा दोन-तीन आठवड्यांत बरी दिसते, पण आतून ती काही महिने कच्चीच असते. तेवढा काळ कांड्या भरणं, वजन-हिशेब, बांधणी अशी कोरडी कामं घ्या, आणि दोषी ठरलेल्या रंगाचा डबा घरातून बाहेर काढा.