अणुविज्ञानातील संशोधिका: दालन कसं मांडावं

पंधरा चेहऱ्यांची रांग लावली की लोक झरझर पुढे सरकतात. चौघी-पाचजणीच घ्या, पण प्रत्येकीचं काम कसं चालायचं ते दिसू द्या.

फलक आधी लिहून घ्या. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये अणुविखंडनाच्या प्रयोगाची उपकरणं मांडलेलं टेबल कित्येक दशकं एकट्या रसायनशास्त्रज्ञ ओटो हानच्या नावावर होतं; त्याच शोधातल्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनरला जागा नंतर मिळाली. आणि बर्लिनमध्ये ती उपकरणं एका टेबलावर कधी नव्हतीच, वेगवेगळ्या खोल्यांत होती! म्हणून 'थोर', 'सहकारी' असलं काही नको. 'डिसेंबर १९३८ मध्ये माइटनर आणि फ्रिश यांनी हानच्या निष्कर्षाचा उलगडा केला: युरेनियमचं केंद्रक दुभंगतं,' एवढं पुरे. मजकूर साठ शब्दांच्या आत, अक्षर २४ पॉइंट, फलकाचा मध्य जमिनीपासून १४० सेंमीवर. शाळकरी मुलं जास्त असतील तर आणखी खाली.

मूळ कागदांवर ५० लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको. रेडियमची जुनी घड्याळं मांडू नका. चमक जाते ती रंगातलं झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे, किरणोत्सर्ग तसाच राहतो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे.

गर्दी खेचतं ते क्लाउड चेंबर, म्हणजे अदृश्य कणांचे माग धुक्याच्या रेघांनी दाखवणारी पेटी. ते बिभा चौधुरींच्या फलकाशेजारी ठेवा: दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोग्राफिक प्लेटांवर वैश्विक किरणांचे माग शोधणाऱ्या बिभा १९४९ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आल्या.

चेंबर असं बनवा: माशांच्या छोट्या काचेच्या टाकीच्या तळाला आतून फेल्ट (दाबून केलेलं जाड कापड) चुंबकांनी बसवा (अल्कोहोलमध्ये बरेच गोंद सुटतात). फेल्ट ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिंब करा. टाकी काळ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उपडी घालून कडा मऊ मातीने बंद करा. पत्र्याखाली ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) चुरा सपाट पसरा. मोठे तुकडे ठेवले तर पत्रा जागोजागीच गार होतो. टॉर्च आडवा धरा, खोलीत अंधार करा. दहा-पंधरा मिनिटांत पत्र्यालगत धुक्याच्या बारीक रेघा उमटू लागतात.

नुसतं धुकं भोवंडत असेल तर कडेतून हवा शिरते आहे. बारीक थेंबांचा पाऊस पडतो पण रेघ नाही, तर अजून थांबा. ७०% अल्कोहोल वापरू नका, त्यातलं पाणी गोठतं. ड्राय आइस उणे ७८ अंशांवर असतं: जाड हातमोजे घाला, बंद डब्यात कधीच ठेवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. अल्कोहोलजवळ ज्योत नको.