ब्रिटिश बटालियनमधील सैनिकाची युद्धसेवा कशी शोधावी
पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पायदळाच्या सैनिकाची सेवा नोंदवून ठेवायची असेल, तर शोध केवळ नावावरून घेऊ नये; एकाच नावाचे अनेक जण सापडत असल्याने सैनिक क्रमांक आणि बटालियन आधी निश्चित करावी. वैयक्तिक सेवापत्रकांवर फार विसंबू नये, कारण १९४०च्या बॉम्बहल्ल्यातील आगीत त्यांपैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाली.

खरा ऐवज लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये जपलेल्या बटालियनच्या युद्ध-रोजनिशीत (तुकडीच्या रोजच्या हालचालींच्या अधिकृत नोंदवहीत) असतो. ‘ॲक्रिंग्टन पाल्स’ म्हणून ओळखली जाणारी ईस्ट लँकेशायर रेजिमेंटची ११वी बटालियन १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, फ्रान्समधील सेर गावावर चालून गेली, तेव्हा सुमारे ७२० जणांपैकी ५८४ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. अशा रोजनिशीत अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायांची क्वचितच (आणि हा अन्यायच म्हणावा लागेल). म्हणून तिच्यातील तारखा युद्धात मरण पावलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींशी आणि त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांतील बातम्यांशी ताडून पाहाव्यात. सोमच्या लढाईत ज्यांचा देह सापडला नाही, त्यांपैकी बहुतेकांची नावे फ्रान्समधील तिएपव्हाल स्मारकावर आहेत. जिवंत परतलेल्यांसाठी पदकांची नोंदपत्रे आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहावीत.