बालवाडीत शिकवायला येताय? आधी खेळ बघायला शिका

बडोद्यात बालशिक्षणाच्या कामात येऊ पाहणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, कोर्स कुठला करू?" महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकासाचा विभाग आहे आणि विभागाची स्वतःची चेतन बालवाडीही आहे. पुस्तकात वाचलेलं लगेच मुलांमध्ये बघायला मिळतं. अशी सोय आपल्याच गावात आहे, तिचा फायदा घ्या. पण पदवी कुठलीही असो, तुमचा कस लागतो तो मुक्त खेळाच्या तासाला.

बऱ्याच नव्या ताई त्या वेळात तक्ते चिकटवतात, नाहीतर "असं नको, तसं कर" म्हणत फिरतात. त्यापेक्षा वही घेऊन खाली जमिनीवर बसा आणि दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघा. जे दिसलं, जे ऐकू आलं तेवढंच लिहा. "हट्टी आहे", "लाजरी आहे" ही तुमची मतं झाली, ती वहीत नकोत.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. पाण्याच्या टबाशी चार वर्षांची मुलगी. तिने वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं आणि ओरडली, "माझं जास्त झालं!" शेजारचा मुलगा घरी गुजराती बोलणारा. तो म्हणाला, "मने पण!" आणि उंच भांडं शोधायला धावला. त्याने ओतताना थोडं सांडलं, तर तिने त्याचा हात धरून पेला सरळ केला. "हळू, धीमे धीमे," ती म्हणाली, अर्धं मराठी, अर्धं गुजराती.

इथे पाणी तेवढंच आहे हे समजावायला जाऊ नका. या वयात मूल उंचीवरून अंदाज बांधतं. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज साधारण सहा-सातव्या वर्षी येऊ लागते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या कामातून आपल्याला कळलं. तुम्ही फक्त एक पसरट पातेलं शेजारी ठेवा, पुढचं ती दोघं बघतील. न सांडता ओतताना मनगट आणि बोटं तयार होतात, तीच पुढे पेन्सिल धरतात.

एखादं मूल नुसतं उभं राहून बघत असेल तर त्याला ढकलू नका. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात हे बघणंही आहे. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग मिळून खेळणं, हे प्रकार पाठ करण्यापेक्षा भातुकलीच्या कोपऱ्यात ओळखायला शिका. मला तर त्या कोपऱ्यात आजही रोज नवं काही सापडतं.

पालक विचारणारच. डांडिया बाजारातून नातवाला न्यायला येणारे आजोबा म्हणतील, "नुसतं खेळतोच का हा? एबीसीडी कधी?" तेव्हा भाषण देऊ नका, वहीतलं त्या दिवसाचं पान वाचून दाखवा. नातवाचं नाव ऐकलं की आजोबा थांबतात. शिवाय हे काही परदेशी फॅड नव्हे, हेही सांगा. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, पुढे आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला तेच काम गावातल्या गरीब मुलांपर्यंत नेलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचाच आहे.

तरीही साडेतीन वर्षांच्या मुलांकडून पानंच्या पानं गिरवून घेणाऱ्या शाळा भेटतील. अशाच एका ठिकाणी मी काही काळ काम केलं. लिहायला बसवलं की पोटात दुखतं म्हणणारी मुलं तिथे मी रोज बघत होते. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा वर्ग दाखवा म्हणा. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर आहेत की कपाटावर, ते बघा. ठोकळे वापरून झिजलेत का, बाहेर माती-पाणी आहे का, एका ताईकडे किती मुलं, हे विचारा. पगार सुरुवातीला बहुतेक ठिकाणी बेताचाच असतो, तोही तेव्हाच स्पष्ट विचारून घ्या.