माळ्यावरचा पीसी देऊन टाकायच्या आधी

दिवाळीची साफसफाई काढली की आमच्याकडे माळ्यावरून दरवर्षी तोच जुना पीसी खाली येतो, धूळ पुसून होते आणि "राहू दे, लागेल कधीतरी" म्हणत परत वर जातो. यंदा ई-कचऱ्यात द्यायचाच असं ठरवलंय, म्हणून काय काय करून ठेवायचं ते लिहितोय, तुमच्याकडेही असेलच एखादा.

पहिलं म्हणजे डेटा, आणि त्याला एक अख्खा रविवार ठेवा. डेस्कटॉप सगळेच बघतात, पण डाउनलोड्स, डी ड्राइव्ह आणि टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप हमखास राहतो. आमच्याकडे "न्यू फोल्डर (३)" मध्ये आजीच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो निघाले, दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती! कॉपी झाली की डिस्क पुसायची, आणि इथेच लोक फसतात, कारण क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच असतात, रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकलं की पॅनकार्डच्या स्कॅनसकट सगळं बाहेर. विंडोज १० असेल तर रीसेट करताना ड्राइव्ह क्लीन करायचा ऑप्शन घ्या, रात्रभर चालू दे. पीसी सुरूच होत नसेल तर बाजूचं झाकण उघडून हार्ड डिस्क काढून घ्या, चार स्क्रूचं काम आहे. लॅपटॉपची असेल तर साधी यूएसबी केसिंग आणा, झाली बाहेरची डिस्क तयार.

मोबाइलचं सोपंय, आधी गूगल अकाउंट काढा, मग रीसेट, सिम आणि मेमरी कार्ड काढलंय ना बघा. बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका, वेगळी ठेवा आणि देताना तसं सांगा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. यूपीएसची बॅटरी शिशाची असते, ती बॅटरीवाला परत घेतो, वर थोडे पैसेही देतो. डब्बा मॉनिटर दोघांनी उचला, त्याच्या काचेतही शिसं असतं, फुटला की ताप.

आता द्यायचं कुणाला? भंगारवाल्याशी वैर नाही, रद्दी त्यालाच द्या, पण ही वस्तू फिरत फिरत दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी गेली की तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवतात आणि तो धूर तिथलीच माणसं दिवसभर घेतात. त्यापेक्षा रिसायकलरला, म्हणजे ई-कचऱ्यातलं सामान नीट वेगळं करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत त्याला सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर रजिस्टर व्हावं लागतं, तेव्हा फोनवरच रजिस्ट्रेशन विचारा, टाळाटाळ केली तर दुसरा बघा. एका पीसीसाठी गाडी येईलच असं नाही, मग सोसायटीच्या ग्रुपवर टाका, दोन दिवसांत खोकं भरतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची माणसंही ई-कचरा नेतात.

उचलायला माणूस आला की सिरियल नंबरचा फोटो काढा, पावती मागा, आणि काढलेले स्क्रू एका पिशवीत घालून सोबतच देऊन टाका, नाहीतर ते परत माळ्यावर जातात.