डाउनलोड केलेले ट्रॅक वाजवताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमध्ये बसून हाउस आणि टेक्नो हे नृत्यसंगीताचे प्रकार वाजवू पाहणाऱ्या डीजेला बारा इंची परदेशी रेकॉर्ड मिळवणे एकेकाळी फार अवघड होते. २००४ मध्ये बीटपोर्ट आणि २००८ मध्ये बँडकॅम्प ही संगीत विकणारी संकेतस्थळे सुरू झाल्यानंतर मात्र बर्लिन किंवा डेट्रॉइटमधील एखाद्या छोट्या लेबलचा (संगीत कंपनीचा) ट्रॅकही परभणीच्या घरातून त्याच दिवशी विकत घेता येऊ लागला. निवड इतकी विस्तारली असली, तरी कार्यक्रमात येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा या फाइल्समध्येच सापडते.

सर्वांत घातक चूक म्हणजे व्हिडिओच्या संकेतस्थळावरून आवाज उतरवून घेणे. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, आणि तीच फाइल पुढे ३२० केबीपीएसमध्ये बदलली तरी गेलेला आवाज परत येत नाही, केवळ फाइलचा आकार वाढतो. इअरफोनवर हा फरक सहसा जाणवत नाही. मोठ्या साउंडवर मात्र हाय-हॅट (ड्रमची झांज) चरचरते आणि आवाज वाढवावा तसा तो कानाला अधिकच टोचतो. शंका आल्यास स्पेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उघडून पाहावा. आलेख १६ किलोहर्ट्झवर सरळ रेषेत तुटलेला दिसला, तर ती फाइल काढून टाकून मूळ ट्रॅक विकत घ्यावा. कलाकाराला त्याचा मोबदला मिळणे मला आवाजाच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे वाटते. पाच मिनिटांच्या ट्रॅकसाठी ३२० केबीपीएसची एमपी३ सुमारे १२ एमबी, तर न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ५० एमबी जागा घेते.

खरेदी करताना छोट्या रेडिओ एडिटऐवजी लांब सुरुवातीचा एक्स्टेंडेड मिक्स घ्यावा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बारची (चार-चार ठोक्यांचे ३२ गट) सुरुवात बरोबर एक मिनिट चालते, आणि दोन ट्रॅक नीट जुळवण्यासाठी तेवढा अवकाश लागतोच.

स्वस्त मिळते म्हणून शेकडो ट्रॅक उतरवायचे आणि एकही पूर्ण ऐकायचा नाही, ही सवयही तितकीच वाईट आहे, कारण न ऐकलेला ट्रॅक संग्रहात असूनही ऐन वेळी आठवत नाही. सॉफ्टवेअरने मोजलेल्या बीपीएमवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये; १७४ बीपीएमचा ड्रम अँड बेस (वेगवान नृत्यसंगीत) ट्रॅक अनेकदा ८७ म्हणून नोंदवला जातो, आणि मग टेम्पोनुसार शोधताना तो सापडतच नाही.

पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला असेल, तर सीडीजे (डीजेचे ट्रॅक वाजवण्याचे मशीन) तो वाचत नाही. एफएटी३२ सर्वत्र चालते. जुन्या सीडीजेवर एफएलएसी (दर्जा न घटवता दाबलेली) फाइलही वाजत नाही, म्हणून त्याऐवजी एआयएफएफ फाइल ठेवणे सोयीचे असते.

गावाबाहेरच्या लॉनवर लग्नाची गर्दी जमली की मोबाइलचे नेटवर्क मंदावते, त्यामुळे स्ट्रीमिंगच्या भरवशावर जाऊ नये. संपूर्ण सेट आदल्या रात्रीच दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवावा आणि पाहुणे येण्यापूर्वी तिथल्याच मशीनवर दोन्ही लावून पाहावेत.